वर गेलेले मासे कोण मोजतं?

मासा चढणीला लागतो तेव्हा त्याच्या पोटात गाबोळी असते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. कारण ती गाबोळी माझ्या ताटात यायची.

आमचं गाव सिंधुदुर्गातलं. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, वहाळ गढूळ होऊन फुगला, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात, शेतात साठलेल्या पाण्यात अंडी घालायला. हे चढणीचे मासे. रात्री काका बॅटरी, कोयता आणि पाग घेऊन निघायचे. पिशवी धरायला मी. घोटाभर पाण्यात मासे अक्षरशः सरपटत असायचे. दुसऱ्या दिवशी वाडीत एकच प्रश्न असायचा, ‘किती गावले?’

पुढे नोकरीसाठी मी सिएटलला आलो. इथे बॅलार्ड भागात समुद्र आणि तलावांच्या मध्ये जहाजांसाठी बांधलेले दरवाजे आहेत, १९१७ सालचे. त्यांच्या शेजारी माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा जिना आहे आणि जिन्याच्या पोटात काचेच्या खिडक्या लावलेली अंधारी खोली. जुलैतल्या एका रविवारी मी तिथे उभा होतो. काचेपलीकडे सॉकाय सॅल्मन प्रवाहाला तोंड करून थांबले होते. मध्येच एखादा शेपटी मारून वरच्या पायरीवर जाई. लहान मुलं काचेला नाक लावून बघत होती. मला मात्र आधी आठवला तो कोयता.

इथे हे मासे मोजतात. आकडा पुरेसा भरला नाही, तर तलावात हौशी मासेमारांना सॉकाय धरायला परवानगी मिळत नाही. २००६च्या हंगामानंतर वर्षानुवर्षं ती मिळालेली नाही. गळ घरात आहे, मासा डोळ्यांसमोर आहे आणि तरी लोक थांबतात, हे मला पचायला वेळ लागला.

मग मी अलास्कातल्या ब्रिस्टल बेबद्दल वाचायला लागलो. सॉकायची जगातली सगळ्यात मोठी मासेमारी तिथली. २०२२ साली तिथे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. हा मासा नदीच्या वरच्या अंगाला जन्मतो, वर्ष-दोन वर्षं तलावात काढतो, मग दोन-तीन वर्षं समुद्रात वाढतो आणि वासाच्या आधाराने आपल्याच नदीत परततो. परतल्यावर खात नाही. अंडी घालतो आणि मरतो. मुख्य हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, जून-जुलैचा. नदीच्या तोंडाशी हजारावर होड्या टपलेल्या. सगळ्यांना धरू दिलं, तर पुढच्या पिढीला आईबापच उरणार नाहीत.

म्हणून तिथलं मत्स्यखातं किती धरले याच्या जोडीने किती निसटले तेही मोजतं. क्विचॅक नदीत साधारण २० लाख ते १ कोटी मासे वर गेले पाहिजेत, असं लक्ष्य आहे. वरची मर्यादा बघून मी चक्रावलो होतो. पण फारच मासे चढले, तर अंडी घालायची जागा आणि पिल्लांना तलावातलं खाणं कमी पडतं. शिवाय न धरलेला प्रत्येक जास्तीचा मासा म्हणजे कुणाची तरी बुडालेली कमाई.

मोजण्याची पद्धत साधी आहे. पाणी नितळ असलेल्या नद्यांच्या दोन्ही काठांना मनोरे उभारतात. वर बसलेला माणूस दर तासाला दहा मिनिटं मासे मोजतो. आकड्याला सहाने गुणायचं, की तासाचा अंदाज मिळाला. रात्रंदिवस हेच. गढूळ नदीत सोनार लावतात. हे आकडे बघून त्या भागाचा जीवशास्त्रज्ञ ठरवतो की आज मासेमारी उघडायची की बंद ठेवायची, आणि किती तास. घोषणा रेडिओवर होते. होड्या ती ऐकत थांबलेल्या असतात.

मी रोज डॅशबोर्ड बघून निर्णय घेणारा माणूस. अपुरा डेटा मला नवा नाही. पण माझा निर्णय चुकला, तर मागचं व्हर्जन परत टाकता येतं. त्या जीवशास्त्रज्ञाने एक दिवस उशिरा बंदी घातली, तर गेलेले मासे परत येत नाहीत. एक दिवस उशिरा उघडली, तर कर्ज काढून होडी घेतलेल्याचा हंगाम जातो.

मोजलं की सगळं वाचतं, असंही नाही. युकॉन नदीतला चिनूक सॅल्मन इतका घटला, की २०२४ साली अलास्का आणि कॅनडाने त्याची मासेमारी सात वर्षं थांबवायचा करार केला. सात वर्षं म्हणजे त्या माशाचं एक पूर्ण आयुष्यचक्र. नदीकाठच्या मूलनिवासींच्या घरात तेवढ्या काळात एक मूल मासा कापायला, धुरावर वाळवायला न शिकताच मोठं होणार. थांबण्याची किंमत अशी कुणाच्या तरी ताटातून जाते.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक नौकांना बंदी असते. ती कॅलेंडर बघून लागते आणि कॅलेंडर बघून उठते. आमच्या वहाळाला तीही नाही.

गेल्या पावसात काकांना फोन केला. म्हणाले, मासे पूर्वीसारखे चढत नाहीत. खाली बंधारा झालाय, भातात तणनाशक मारतात. मी विचारलं, “पण वर किती गेले?”

ते हसले. “अरे, वर गेलले कोण मोजता?”

गाबोळीचे मासे सोडायला हवेत, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणालो नाही. बंधारा काकांनी बांधलेला नाही. आणि सिएटलमध्ये बसून, ती गाबोळी पोटभर खाऊन मोठा झालेला मी कोणत्या तोंडाने सांगणार? माझ्याकडे एकसुद्धा आकडा नव्हता.

“तू येऊन मोज,” काका म्हणाले. चेष्टेतच.

यंदा जूनमध्ये सुट्टी टाकली आहे. रस्त्याखालच्या मोरीवर बसायचं आणि पहिल्या पावसाच्या रात्री दर तासाला दहा मिनिटं मोजायचं, असा बेत आहे. गढूळ पाण्यात काही दिसेल का, शंकाच आहे. एका रात्रीच्या मोजणीने काही सिद्धही होत नाही. पाच-दहा पावसाळे लागतील. पण पहिला आकडा कधीतरी लिहावाच लागेल.

काकांना सांगितलं, तर म्हणाले, “बॅटरी मी धरतंय.”

कोयत्याचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.