आजीचं ग्वाल्हेर आणि चार वाजताचा चहा

गेल्या डिसेंबरात मी माझ्या मुलीला घेऊन ग्वाल्हेरला गेले. ती बारा वर्षांची, पुण्यात वाढलेली. तिने पणजीला पाहिलं ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. ती पणजी मला तिच्या मनातून जरा पुसून टाकायची होती. खरी आजी कोण होती ते दाखवायचं होतं, आणि त्यासाठी ग्वाल्हेर गाठणं भाग होतं.

आजी वाईची. 1951 साली, सतराव्या वर्षी लग्न होऊन कल्याणहून पंजाब मेलने ग्वाल्हेरला आली. सासर लष्करात. लष्कर म्हणजे छावणी नव्हे बरं का, गावाच्या भागाचं नावच ते. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, तो उठलाच नाही, त्याचं शहर झालं. त्यामुळे आजही तिथे कंपू आहे, शिंदे की छावनी आहे, चिटणीस की गोठ आहे. नावं मराठी आणि मधला 'की' हिंदी! आमच्या घरची भाषाही अशीच झाली. वाईची शुद्ध बोलणारी आजी दहा वर्षांत "गरमी खूप पडून राहिली आहे" म्हणायला लागली.

आजोबा बिर्लानगरच्या जे. सी. मिलमध्ये कारकून. लष्करातून सायकलने जायचे. 1968 मध्ये ते गेले तेव्हा आजी चौतीस वर्षांची, पदरात तीन मुलं, थोरले माझे बाबा. माहेरून भाऊ न्यायला आला होता. आजी गेली नाही. "मुलांच्या शाळा इथे आहेत," एवढंच म्हणाली. मग पापड, कुरडया, दिवाळीच्या चकल्या, आणि शिकायला आलेल्या चार-पाच मुलांना दोन वेळचं जेवण. त्यांतला एक माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकायचा. भातखंड्यांच्या पुढाकाराने 1918 मध्ये निघालेली ही संस्था. तो पहाटे रियाज करायचा आणि आजी त्या सुरांवर कणीक तिंबायची, असं बाबा सांगत. महिनाअखेरी त्याच्याकडे पैसे नसले की आजी वहीत त्याच्या नावापुढे फुली मारायची. त्या वहीतल्या बऱ्याच फुल्या कधीच खोडल्या गेल्या नाहीत.

आम्ही नातवंडं मे महिन्यात जायचो. पंचेचाळीस अंशांचं ऊन, खिडकीला वाळ्याचे ओले पडदे, आणि दुपारी अंगणात पाऊल टाकलंत तर आजीचा पत्ता. तिची सहल ठरलेली असे. सकाळी सहाला फुलबागेत राणी लक्ष्मीबाईच्या समाधीला. राणीला 1858 च्या जूनमध्ये इथेच वीरमरण आलं. पण आजी लढाई चटकन उरकायची आणि दामोदररावावर यायची. "एवढंसं पोर, त्याचं पुढे काय झालं असेल, ते कोणी विचारत नाही." तो पुढे इंदूरला राहिला आणि 1906 मध्ये वारला, हे आजीमुळे आम्हाला पाठ होतं. मग तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला चघळायचा, म्हणजे गळा गोड होतो. आमच्या घरात त्यामुळे कोणी गायक झालं नाही, दात मात्र आंबले. परतताना नया बाजारात बहादुराचे बुंदीचे लाडू.

आणि एकदा, मला वाटतं 1988 मध्ये, तिने आम्हाला बसने शिवपुरीला नेलं. आग्रा-मुंबई रस्त्यावर, सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. तिथे माधवराव शिंद्यांनी आपल्या आईची, सख्याराजांची छत्री बांधली आहे. माधवराव नऊ वर्षांचे असताना 1886 मध्ये वडील वारले, मागे आई राहिली. 1925 मध्ये पॅरिसला माधवराव गेले, आणि त्यांची संगमरवरी, रंगीत दगडांची नक्षी जडवलेली छत्री आईच्या छत्रीसमोरच उभी राहिली. मध्ये बाग आणि पाणी. आई आणि मुलगा समोरासमोर. आईच्या मूर्तीला साडी नेसवतात, नैवेद्य दाखवतात, संध्याकाळी तिच्यापुढे गाणं होतं.

आम्ही भारावून बघत होतो. आजीने मूर्तीला नमस्कार केला, लुगड्याचा पोत नीट न्याहाळला, आणि बाबांना म्हणाली, "राजाची आई आहे, म्हणून गेल्यावरही लुगडं नि नैवेद्य. मला गेल्यावर काही नको रे. जिवंतपणी चार वाजता चहा मिळाला की झालं."

सगळे हसलो.

2009 मध्ये बाबांनी तिला पुण्याला आणलं. गुडघे गेले होते, वाड्याचा जिना चढवत नव्हता, दुसरा उपायही नव्हता. पण अठ्ठावन्न वर्षांनी 'महाराष्ट्रात परत' आलेली आजी तिथे परकी ठरली. सोसायटीच्या बाकावर "पाऊस येऊन राहिला आहे" म्हणाली की बायका तोंडाला पदर लावायच्या. काही दिवसांनी तिने खाली जाणं सोडलं. आम्ही सगळे नोकरीवर. थर्मासमध्ये सकाळीच चहा भरून ठेवलेला असे. चार वाजेपर्यंत तो कोमट व्हायचा. तिने कधी तक्रार केली नाही, आणि मी कधी विचारलं नाही. 2019 मध्ये ती गेली. थर्मास अजून माझ्या फडताळात आहे, टाकवत नाही.

वाडा आता नाही. त्या जागी चार मजली इमारत आहे, खाली मोबाइलची दुकानं. मुलीला मी कोपरा दाखवला, "इथे तुळस होती." तिने मान डोलावली, पण तिला काही दिसलं नसणार. जयविलास महालातली, जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी तिला जास्त आवडली, आणि त्यात तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी शिवपुरी. छत्रीत ती बराच वेळ मूर्तीसमोर उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "हिला आवडेल ते देतात की यांना वाटेल ते?"

मला उत्तर सुचलं नाही. मी तिला वही, फुल्या आणि त्या चहाची गोष्ट सांगितली, थर्मासही वगळला नाही. ती ऐकत राहिली. गाण्याला अजून अवकाश होता. तिने माझं मनगट धरून घड्याळ पाहिलं.

"चारला दहा कमी आहेत," ती म्हणाली. "चल, बाहेर टपरी आहे. गरम मिळेल."