यंत्राची साथ

वाद्यवृंद पदरी बाळगण्याची ऐपत नसलेल्या आम्हां हौशी लोकांस अरेंजर कीबोर्ड हे मोठेच वरदान होय. डाव्या हाताने स्वरमेळ दाबावा, की ठेका, गिटार व व्हायोलिन यांची साथ यंत्र आपण होऊन पुरविते. उजवा हात चालीस मोकळा! हे वाद्य घरात येताच काकांचा तबला-डग्गा आम्हीच माळ्यावर चढविला.

गणेशोत्सवात आत्याबाई गाणार होत्या. चार गीतांची माळ आम्ही गुंफली. दोन दादऱ्यात, दोन केरव्यात. सहा मात्रांतून आठ मात्रांत जाण्याची कळ समेच्या किंचित आधीच दाबावी लागते. ती आम्ही महिनाभर घोकली.

कळ चुकली नाही. मात्र तिसऱ्या गीतात आत्याबाईंचा श्वास अडला. काका साथीस असते, तर एखादे आवर्तन अधिक वाजवून थांबले असते, यंत्र थांबेना. घाबरून आम्ही ठेका बंद केला आणि नुसता सूर धरून राहिलो. आत्याबाईंनी आपल्या गतीने गीत पुरे केले.

काका समोरच बसले होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावर शिडी लावली.