मुक्काम कुठे करायचा?



यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंदमानला जाऊन आलो. तिथल्या प्रवासाची वर्णनं पुष्कळ आहेत, त्यात आणखी एकाची भर घालायची नाही. मला सांगायचंय ते निघण्याआधीच्या पंधरा दिवसांबद्दल. त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात एकाच प्रश्नावर खल चालला होता, की तिथं उतरायचं कुठे? या एका प्रश्नातून मी जे शिकले, ते सुट्टीनंतर वर्गातही उपयोगी पडलं.

सुरुवात आम्ही सगळे करतो तशीच केली. मोबाईल घेतला आणि फोटो बघत बसलो. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, तिथला राधानगर किनारा प्रसिद्ध. पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं जंगल. त्याच्याजवळची एक जागा मला इतकी आवडली की मी ह्यांना म्हटलं, "पाचही रात्री इथंच राहू. धावपळ नको." ह्यांनी भाडं बघितलं आणि गप्प बसले.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, त्यांनी तर आधीच अंग काढून घेतलं होतं. "मी कशाला? तुम्ही चौघं जा. घराला कोणीतरी हवंच की." वय एकाहत्तर, गुडघे दुखतात, बोटीची भीती. आम्ही दोनदा आग्रह केला आणि सोडून दिला. खरं सांगायचं तर पाचव्या तिकिटाचे पैसे वाचतील, असंही माझ्या मनात येऊन गेलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

आमची सई सातवीत आहे. तिने एका संध्याकाळी शाळेचा नकाशासंग्रह काढला आणि मोबाईलवरचा नकाशा शेजारी ठेवून आजीला बेटं दाखवायला बसली. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू येत होतं.

"आजी, हे बघ राधानगर. हे बेटाच्या पश्चिमेला आहे. इथला सूर्यास्त फेमस आहे."

"समुद्रात बुडणारा सूर्य होय? तो मी लग्न होईपर्यंत रोज बघितलाय."

आईंचं माहेर गुहागरजवळचं. लग्न होऊन कराडला आल्या त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली. कोकणात समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्य समुद्रात मावळतो आणि उगवतो तो डोंगरामागून.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "समुद्रातून उगवताना दिसतो का गो कुठं?"

सईने बोट बेटाच्या दुसऱ्या बाजूला नेलं. "हा बघ, विजयनगर किनारा. पूर्वेला आहे. इथं दिसेल."

आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाल्या, "काढा माझंही तिकीट. गुडघ्याला पट्टा बांधीन."

इतके दिवस आम्ही त्यांना "येणार का?" एवढंच विचारत होतो. "तुम्हाला काय बघायचंय?" हे एकानेही विचारलं नव्हतं. घरातली मोठी माणसं "तुम्ही ठरवाल तिथं" म्हणतात आणि आपण त्याला होकार समजतो.

मग मात्र आम्ही नीट बसलो. सईने वहीत रकाने आखले. कोणाला काय हवं ते एकेका ओळीत लिहिलं. आईंना समुद्रातून उगवणारा सूर्य. ह्यांना सेल्युलर जेल, तेही घाईत नको. चौथीतल्या ओमला पाण्यात खेळणं. सईला मासे आणि प्रवाळ. माझ्या नावापुढे तिने स्वतःच लिहिलं, "स्वयंपाक करायचा नाही." त्याखाली दुसरी यादी, तिथला दिवस कसा असतो त्याची. ही दुसरी यादी करताना भूगोल आणि गणित दोन्ही कामाला आले.

पहिली गोष्ट घड्याळाची. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. कराड साधारण ७४ अंशांवर आहे आणि पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, जवळपास ९३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं. १९ अंशांचे झाले ७६ मिनिटं, म्हणजे सव्वा तास. घड्याळ एकच, पण तिथं सूर्य सव्वा तास आधी येतो आणि जातोही. नोव्हेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्यास्त! दुपारी जेवून, डुलकी काढून चार वाजता फिरायला निघणाऱ्या आमच्यासारख्यांचा दिवस तिथं संपलेला असतो. म्हणून जी जागा ज्या वेळी बघायची, मुक्काम तिच्याजवळ हवा. पहाटेची गोष्ट तर मुक्कामापासून चालत जाण्याइतकी जवळ हवी. राधानगरजवळ राहिलो असतो तर आईंना पहाटे अंधारात गाडीत बसवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागलं असतं. उलट सूर्यास्त बघायला दुपारी गाडीने जाणं सोपं.

दुसरी गोष्ट बोटीची. श्री विजयपुरम ते स्वराज द्वीप जायला वेगवान बोटीने दीड-दोन तास लागतात. समुद्र खवळला तर बोटी उशिरा सुटतात, रद्दही होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथं परतीचा, ईशान्य मोसमी पाऊस असतो. म्हणजे ज्या दिवशी विमान, त्याच दिवशी सकाळी बोटीने परतायचं, हा जुगार झाला. शेवटची रात्र मोठ्या गावातच काढायला हवी.

तिसरी गोष्ट सेल्युलर जेलची. १९०६ मध्ये हे बांधकाम पुरं झालं. मूळच्या सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. मराठी माणूस तिथं सावरकरांच्या कोठडीसाठी जातो. पण ती वरच्या मजल्यावर आहे, जिने चढायचे, मग अंगणात बसायचं, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघायचा. हे विमानातून उतरल्या उतरल्या दमलेल्या अंगाने उरकायचं काम नव्हे. त्यासाठी ॲबर्डीन बाजाराच्या भागात राहणं सोयीचं, जेल तिथून जवळ.

अशा रीतीने पाच रात्रींची वाटणी झाली. दोन श्री विजयपुरमला, दोन स्वराज द्वीपवर विजयनगर किनाऱ्याला, आणि शेवटची पुन्हा श्री विजयपुरमला. माझी फोटोतली जागा रद्द झाली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही.

मग फोन. एका ठिकाणी लिहिलं होतं, "समुद्र पाच मिनिटांवर." सईने मागून खुणावलं, "कशाने पाच मिनिटं ते विचार." विचारलं, तर गाडीने! त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आम्ही तेच प्रश्न विचारले. खोली तळमजल्यावर आहे का? पायऱ्या किती आहेत, कठडा आहे का? कमोड आहे का? वीज गेली तर जनरेटर आहे का? साधा वरणभात मिळेल का? ज्याने सगळ्यांची नीट उत्तरं दिली आणि "कमोड आहे, पण पुढे दोन पायऱ्या आहेत" असं स्वतःहून सांगितलं, त्याच्याकडे खोल्या घेतल्या. त्याचे फोटो अगदीच सुमार होते.

तिथलं सगळंच ठरवल्यासारखं झालं असं नाही. जेलमध्ये आई वर चढल्या नाहीत, खाली अंगणातल्या पिंपळाजवळ बसून राहिल्या. "तुम्ही बघून या, मला इथूनच कळतंय," म्हणाल्या. हे मात्र वर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. एकाच दिवसात दोन्ही उरकायचं असतं तर मी खालून हाका मारल्या असत्या.

विजयनगरला दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून ओम पोहायचे कपडे घालून आला, तर पाणी लांब गेलेलं. पुढे नुसता ओला खडक आणि वाळू. हा किनारा उथळ आहे, ओहोटीला पाणी खूप मागे हटतं. घड्याळ बघितलं, बोटी बघितल्या, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं आम्ही विसरलो होतो. ओम रडकुंडीला आला. आईंनी बोटं मोजली. "आज षष्ठी. तिथीची पाऊणपट, सहाची साडेचार. साडेचारला पुरती भरती." हा कोकणातला जुना हिशेब. पण पाणी त्याच्या बरंच आधी भरलं. आई म्हणाल्या, "इथलं गणित वेगळं दिसतंय." बरोबरच आहे, प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ निराळी असते. ओम दुपारभर डुंबला आणि राधानगरला जायला निघेपर्यंत उशीर झाला. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य टेकलाच होता. आई म्हणाल्या, "हा काय, आमच्याच गावचा."

त्या दिवशीची पहाट सांगायची राहिली. पाच वाजता मी उठले तर आईंची खाट रिकामी. घाबरून बाहेर आले. समोरच वाळूत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या, अंगावर शाल. खोलीपासून तीस-चाळीस पावलं. कोणाला न उठवता, कोणाचा हात न धरता त्या तिथवर गेल्या होत्या. मी शेजारी वाळूत बसले. सव्वापाचच्या सुमारास पाण्याच्या कडेवर लाल टिकली आली, मग वाढत गेली. आई काही बोलल्या नाहीत, मीही नाही. पूर्ण वर आल्यावर म्हणाल्या, "चहा मिळेल का आता?"

परतीच्या बोटीला पावसामुळे चार तास उशीर झाला. बाकीचे प्रवासी विमानाच्या काळजीत होते. आम्हाला हातात एक रात्र होती.

सुट्टीनंतर मी सातवीला हाच प्रश्न दिला. फळ्यावर बेटाचा नकाशा काढला, पूर्व-पश्चिम किनारे, धक्का, बाजार दाखवला. गटांना चिठ्ठ्या दिल्या. एका गटात गुडघे दुखणारी आजी, एका गटात तान्हं बाळ, एकाकडे पैसे कमी, एकाला दुसऱ्या दिवशी विमान. मुक्काम कुठे करायचा आणि का, ते पाच वाक्यांत लिहा. उत्तरं निरनिराळी आली आणि कारण पटलं तर सगळीच बरोबर धरली.

आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची मुलं काही महिने शाळेत असतात. त्यातला एक मुलगा काहीच लिहीत नव्हता. मी जवळ गेले तर हळू आवाजात म्हणाला, "बाई, आमचा मुक्काम मुकादम ठरवतो." मला काही सुचेना. सुट्टीच्या गोष्टीत रमून मी केवढी चूक केली, असं वाटलं. मग विचारलं, "पण त्या रानात कोपी कुठं टाकायची, ते कोण ठरवतं?" तो लगेच म्हणाला, "आई. पाणी जवळ पाहिजे, पण खोलगटात नको, पावसाचं पाणी भरतं. तोंड वाऱ्याकडं नको, चुलीचा धूर आत येतो. आणि बाईमाणसाला रात्री लांब जायला लागू नये." मी ते फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. बाकीच्या गटांनी आपापली उत्तरं पुन्हा तपासली. एका गटाने तर आपला मुक्काम बदललाही.

पुढच्या वेळी हा उपक्रम घेताना मी बेटापासून सुरुवात करणार नाही. आधी मुलांना विचारणार, तुम्ही आजवर घर सोडून कुठं कुठं राहिलात आणि तिथं काय बरं होतं, काय वाईट होतं? मामाचं गाव, लग्नाचं कार्यालय, दवाखाना, यात्रेतली धर्मशाळा, उसाचं रान, सगळं त्यात येईल. त्यानंतर नकाशा.

पालकांना एकच विनंती. पुढची सहल ठरवताना वही आणि पेन मुलांच्या हातात द्या आणि प्रत्येकाला, घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला सगळ्यात आधी, "तुला काय बघायचंय?" हे विचारायला सांगा. शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलांनी काय उत्तरं दिली ते नक्की कळवा.

आई आता सईला विचारतायत, जपान नकाशात कुठं आहे म्हणून. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते आहे.