माईंच्या तीन गोळ्या

बडोद्याला दांडिया बाजारातल्या त्या घरात माईंचा शब्द चाले. वय ७८, तरी दुधाचा हिशेब तोंडपाठ. त्याच माई एका संध्याकाळी सुनेला म्हणाल्या, "अगं, हे अजून कचेरीतून कसे आले नाहीत?" माईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. सुनेच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

मग रोजच काहीतरी होऊ लागलं. रात्री उठून माई दाराची कडी चाचपडत. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून पुसायला फडकं मागत. "वय झालं, चालायचंच," शेजारीपाजारी म्हणाले. मुलालाही ते पटलं. कपाटाच्या किल्ल्या त्यानं गुपचूप काढून घेतल्या.

सुनेला मात्र एक गोष्ट खटकत होती. माईंची जीभ टाळूला चिकटत होती, पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नव्हता, पोट तीन-तीन दिवस साफ होत नव्हतं. डोकं चालेनासं झालं म्हणून तोंड कसं कोरडं पडेल?

ती गोळ्यांचा डबा घेऊन सरळ डॉक्टरांकडे गेली. डब्यात लघवी आवरत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन होती. पाय चुरचुरतात म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली अमिट्रिप्टिलीन होती. आणि दुकानातून विचारून आणलेली सर्दीची क्लोरफेनिरामीन. ही तर घरोघरची जुनीच खोड.

"ताई, या तिन्ही गोळ्या एकच वाट अडवतात," डॉक्टर म्हणाले.

आपल्या अनेक नसा ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून निरोप धाडतात. पेशींवरचे जे ग्राहक तो निरोप घेतात, त्यांतल्या एका घराण्याला मस्कारिनिक म्हणतात. हे नाव पडलं लाल टोपीच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या विषारी अळंबीतल्या मस्कारिनवरून. ते १८६९ मध्ये वेगळं काढलं गेलं. घराण्यात भाऊ पाच, एम-१ ते एम-५. एम-१ मेंदूत आठवणीच्या कामी येतो. एम-२ हृदयाची गती आवरतो. एम-३ तोंडाला लाळ सोडतो, आतडी हलवतो, मूत्राशय आवळतो. म्हणून लघवीची घाई थांबवायला एम-३ अडवला की लाळही आटते, पोटही अडतं. औषध मेंदूत शिरलं की एम-१ची वाटही बंद. शंकराला वाहतात त्या धोत्र्यातलं ॲट्रोपिन आणि हायोसिन हेच करतं. धोत्रा पोटात गेलेला माणूस बरळतो तो त्यामुळेच. धडधाकट तरुणाला यातली एखादी गोळी फारशी जाणवणारही नाही. माईंच्या वयाला तिन्हींची बेरीज झाली होती.

डॉक्टरांनी सर्दीची गोळी त्याच दिवशी थांबवली. पायांची मात्र एकदम तोडायची नसते. ती त्यांनी हळूहळू कमी केली. लघवीसाठी वेगळ्या ग्राहकावर चालणारं औषध दिलं आणि मनानं काही बंद करायचं नाही, असं बजावलं.

तिसऱ्या आठवड्यात माई सकाळी ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "दूधवाल्यानं मंगळवारी अर्धा लिटर कमी घातलं होतं. पैसे कापलेस ना?"

मुलगा आतल्या खोलीत गेला आणि किल्ल्या आणून त्यांच्यासमोर ठेवल्या. माईंनी त्या कमरेला खोचल्या. कुठे होत्या, असं त्यांनी विचारलं नाही.