रशियन काच आणि माझं स्वयंपाकघर

तुमच्याही घरी असेल असा एक कप्पा. कपाटाच्या अगदी वरचा. लग्नपत्रिका, बंद पडलेली घड्याळं आणि ‘राहू दे, कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या वस्तूंचा. गेल्या दिवाळीत आमच्या पाचोऱ्याच्या घरातल्या त्या कप्प्यातून ह्यांचा जुना झेनिट कॅमेरा निघाला. हातात घेतला तर वरवंट्यासारखा जड! मी तो भंगाराच्या ढिगात टाकलाही होता. सूनबाईनं धावत येऊन उचलला. “अहो आई, याची काच तरी बघा!”

काचेवरची रशियन अक्षरं मला कुठली यायला? तिनंच वाचलं, ‘मिर-१’. मिर म्हणजे शांतता, आणि मिर म्हणजे जगसुद्धा. शेजारी कोरलेलं, ब्रुसेल्स १९५८. त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनात या भिंगाला मोठं पारितोषिक मिळालं होतं म्हणे.

आमच्याकडे तो आला भिलाईहून. तिथला पोलादाचा कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहिला, त्यामुळे रशियन इंजिनियर असत. त्यांतल्या एकानं मायदेशी जाताना कॅमेरा विकला, तो माझ्या दिरांनी ह्यांच्यासाठी घेतला. पैसे गेले माझ्या शिलाई मशीनसाठी साठवलेले. सन १९७८. मी विसरलेले नाही, बरं का!

ह्यांनी त्या कॅमेऱ्यानं काय काय टिपलं! पाचोरा-जामनेरची आपली छोटी गाडी (२०२० साली ती बंद झाली), बारशी, मुंजी, शेजाऱ्यांचा नवा ट्रॅक्टर. मी मात्र कुठं नाही. असलेच तर चहाचा ट्रे धरलेली, अर्धी. विचारलं की म्हणायचे, “स्वयंपाकघरात उजेड नाही, आणि एवढ्याशा जागेत काही मावत नाही.”

सूनबाईला कळण्याच्या भाकरीवर छोटी फिल्म करायची होती. तिनं काच बॅटरीसमोर धरली, तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! जळगावच्या कारागिरानं ती उघडून पुसून दिली. तुमच्याकडे असा कॅमेरा असेल तर चामड्याच्या पेटीतून आधी बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घ्यायचे. तांदळात मात्र पुरू नका, काचेत पीठ जातं.

४२ मिलिमीटर आट्यांची ही काच आजच्या कॅमेऱ्याला एका साध्या कडीनं बसते. माझ्या भाच्याच्या कॅमेऱ्यावर लावली, तर दिसले फक्त माझे हात आणि तवा. ही रुंद काच ना? मग? सूनबाई म्हणाली, काच ३७ मिलिमीटरची. जुन्या फिल्मएवढ्या पडद्यावर ती रुंद दिसते, भाच्याच्या कॅमेऱ्यातला पडदा लहान, म्हणून कडा कापल्या जातात आणि ती ५५ सारखी वागते. बायांनो, विकत घेण्याआधी हे विचारून घ्या. मग तिनं मोठ्या पडद्याचा कॅमेरा दोन दिवस भाड्यानं आणला.

बाकी सगळं हातानं. फोकसचं कडं फिरवायचं, उजेडाचं कडं फिरवायचं. पण ते कडं ‘कट्-कट्’ न करता लोण्यासारखं फिरतं, चालू चित्रणात उजेड हळूहळू कमी-जास्त करता येतो; नव्या भिंगांत हे सहसा नाही. दोन-अडीच फुटांहून जवळ गेलं तर चित्र धूसर. खिडकीकडे तोंड केलं की पांढरट झाक येते. मला तो दोष वाटला, तिला तेच हवं होतं. ‘ड्यून’ या इंग्रजी सिनेमाच्या २०२४ सालच्या दुसऱ्या भागासाठीसुद्धा अशी जुनी सोव्हिएत भिंगं वापरली, असं ती सांगत होती.

ती दारात उभी राहिली. मी ज्वारी-उडदाचं पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

रात्री सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. चुलीच्या काळातला काळा कोनाडा, देव्हारा, लोणच्याच्या बरण्या, मध्ये मी. सगळं मावलं होतं! माझी मान पुढे झुकते, भाकरी उलटताना मी ओठ दाबते, हे मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. आणि डाव्या कडेला, हातात रिकामं ताट घेऊन उभे असलेले हे. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

खरं सांगायचं तर तेव्हाच्या फिल्मला अंधुक उजेड झेपत नसे, हे सूनबाईनं मला समजावलं होतं. उजेडाचं मी मानलं. जागेचं नाही.

हे बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “काच तीच ना गं?”

“तीच,” मी म्हटलं. “आणि स्वयंपाकघरही तेच.”

शिलाई मशीनचं मात्र त्या रात्री काढलं नाही.