मालदीव : रिसॉर्ट की गाव?

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलांनी आम्हाला मालदीवला पाठवायचं ठरवलं. अर्धे पैसे त्यांचे, अर्धे माझे. जागा तेवढी आम्ही निवडायची. मला वाटलं, हे सगळ्यात सोपं काम. महिनाभर घरात त्यावरूनच वाद चालला.

मुलगी रोज रात्री मोबाइल घेऊन बसायची. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या खोल्या, काचेच्या जमिनीखालून जाणारे मासे, प्रत्येक खोलीला स्वतःचा छोटा पूल. तिने एक रिसॉर्ट पक्कं करत आणलं होतं. ती म्हणाली, "इथे अम्मीला कोणी बघणार नाही. चारी बाजूंनी भिंत आहे. निवांत पोहता येईल."

बायको एवढंच म्हणाली, "मला पूलमध्ये नाही, समुद्रात उतरायचंय. आणि लपून नाही."

मी गप्प बसलो, कारण ते वाक्य मुलीला नव्हतं, मला होतं.

बायको हर्णैजवळच्या गावातली. घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा. भाऊ दिवसभर पाण्यात. ही किनाऱ्यावर त्यांचे कपडे सांभाळत बसलेली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही गुहागरला गेलो होतो. ती सलवार-कमीजवर गुडघाभर पाण्यात गेली. किनाऱ्यावर माझ्या ओळखीचे दोघे-तिघे होते. मी तिला हाक मारून बाहेर बोलावलं. ओरडलो नाही, रागावलो नाही. फक्त म्हणालो, "लोक बघतायत." ती बाहेर आली, ओढणी पिळली आणि वाळूत बसून राहिली. त्यानंतर ती घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. मी ते विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती.

म्हणून या वेळी मी नीट अभ्यास केला. मालदीवमध्ये सुमारे 1,200 बेटं आहेत. त्यांतल्या दोनशेच्या आत बेटांवर माणसं राहतात. 1972 साली तिथे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. पुढे पद्धतच अशी पडली की निर्जन बेट घ्यायचं, त्यावर एकच रिसॉर्ट बांधायचं. एक बेट, एक रिसॉर्ट. देश मुस्लिम, नागरिक व्हायला मुसलमान असावं लागतं असं त्यांची राज्यघटनाच म्हणते. वस्तीच्या बेटांवर दारू विकायला बंदी. रिसॉर्टवर मात्र परवान्याने दारू मिळते, डुकराचं मांसही मिळू शकतं. पाहुणे एका बेटावर, गावकरी दुसऱ्या बेटावर. कितीतरी वर्षं हे असंच चाललं. 2009 नंतर कायदा बदलला आणि गावातल्या लोकांना आपल्या बेटावर गेस्ट हाउस काढता येऊ लागलं.

म्हणजे आमच्यापुढे दोन मालदीव होते.

हिशेब मांडला. रिसॉर्टचा जाहिरातीतला दर हा खरा दर नसतो. त्यावर सेवा शुल्क, पर्यटन कर आणि माणशी रोजचा हरित कर. 2025पासून हा हरित कर रिसॉर्टवर 12 डॉलर आणि लहान गेस्ट हाउसमध्ये 6 डॉलर आहे. माले विमानतळावरून रिसॉर्टला न्यायचे पैसे वेगळे. बेट दूर असेल तर समुद्री विमान लागतं, आणि ते फक्त दिवसाउजेडी उडतं. मुंबईचं विमान संध्याकाळी पोचलं तर एक रात्र मालेतच काढावी लागते. 'सर्व समाविष्ट' पॅकेजमध्ये दारूचे पैसे धरलेले असतात. आपण पीत नाही, तरी भरायचे. मी मुलीला म्हटलं, "दुसऱ्याच्या ग्लासाचं बिल मी का भरू?" ती हसली, पण तिलाही पटलं.

हवामानाचाही हिशेब असतो. आपल्याला सुट्टी मे महिन्यात, आणि तिथे नेमका त्याच सुमारास नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो. कोरडे, उन्हाचे दिवस साधारण डिसेंबर ते एप्रिल. नाताळात दर सगळ्यात चढे. रमजानमध्ये गावातली हॉटेलं दिवसा बंद. आम्ही जानेवारी धरला.

ऑफिसात एकाने विचारलंच, "लक्षद्वीप का नाही? तुम्हाला मालदीवच का आठवतं?" 2024च्या जानेवारीत उठलेल्या बहिष्काराच्या गदारोळानंतर हा प्रश्न अपेक्षितच होता. 'तुम्हाला' या शब्दावर दिलेला जोरही कळला. मी सांगितलं, लक्षद्वीपला जायला परवाना लागतो आणि राहायची सोय मोजकी आहे. शिवाय तिथली वस्तीही बहुतेक मुसलमानच आहे, आणि मिनिकॉयचे लोक मालदीवच्याच भाषेचं एक रूप बोलतात. तो म्हणाला, "हो का?" विषय संपला.

शेवटी आम्ही माफुशी निवडलं. मालेपासून स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासावरचं गाव. मुलगी नाराज झाली, "तिथे काचेची जमीन नाही," म्हणून.

माफुशी काही स्वप्नातलं बेट नाही. बांधकामं चालू असतात, गल्ल्यांतून मोपेड धावतात. पोहण्याच्या तोकड्या कपड्यांसाठी एक वेगळा किनारा आडोसा करून राखलेला आहे. त्याला 'बिकिनी बीच' म्हणतात. उरलेल्या किनाऱ्यावर अंगभर कपडे. दारू गावात नाही, पण पलीकडे समुद्रात नांगरलेल्या बोटीवर मिळते आणि संध्याकाळी होड्या तिकडे जातात. म्हणजे पळवाटा तिथेही आहेत. हा वाद जुनाच असावा. 1343च्या सुमारास इब्न बतूता मालदीवला काझी होता. तिथल्या बायका कमरेच्या वर वस्त्र घेत नाहीत म्हणून त्याने हुकूम काढून पाहिला. आपल्याला ते जमलं नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

सकाळी फजरची अजान खिडकीतून आली. परदेशात अजानने जाग येण्याची आमची ही पहिलीच वेळ. नाश्त्याला मास हुनी : टूना मासा, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी. बायकोने एक घास घेतला आणि म्हणाली, "ही आपलीच रोटी." हलाल आहे का, हे विचारावं लागलं नाही. खाण्याआधी विचारावं न लागणं म्हणजे काय, हे ज्याला रोज विचारावं लागतं त्यालाच कळेल.

गेस्ट हाउसचा मालक आधी एका रिसॉर्टमध्ये वाढपी होता. तो म्हणाला, "दहा वर्षं तिथे काम केलं. माझ्या बायकोने ते बेट कधी पाहिलं नाही." आता त्याची बायको आमच्यासाठी मासे शिजवत होती आणि हिशेबाची वही तिच्याच हातात होती.

असरनंतर आम्ही गावाच्या किनाऱ्यावर गेलो. गावातल्या बायका-मुली अंगभर कपड्यांत, डोक्याला रुमाल बांधून पाण्यात होत्या. कोणी पोहत होत्या, कोणी लेकरांना पाण्यात धरून उभ्या. मुलीने अम्मीसाठी बुर्किनी मागवली होती. ती घालून बायको चालत गेली. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वीसारखीच नजर : आता हा हाक मारणार का?

रिसॉर्टवरही तिला बहुधा कोणी अडवलं नसतं, हे मला माहीत आहे. गुहागरलाही कोणी अडवलं नव्हतं. अडवणारा मी होतो, आणि मी कुठल्याही बेटावर तिच्यासोबतच जाणार होतो.

मी चपला काढल्या आणि पाण्यात गेलो. मला पोहता येत नाही. गळ्यापर्यंत पाणी आलं तसा मी घाबरलो. बायकोने माझा हात धरला आणि म्हणाली, "सोडू नका. लोक बघतायत."

आणि इतक्या मोठ्याने हसली, की शेजारची पोरंही हसायला लागली.