दिवेलागणीनंतर साठ पानं

गेल्या दिवाळीपासून मी भेटेल त्याला थांबवून एकच गोष्ट सांगतोय. तुमच्या पोरांच्या दप्तरात, खिशात, गादीखाली ती पोकेमॉनची कार्डं सापडतात ना, त्या कार्डांत एक खेळ आहे! नुसती चित्रं नाहीत ती. नियमांसकट पुरता खेळ आहे, मेंढीकोटाइतका रंगणारा आणि बुद्धिबळासारखा चार चाली पुढचं बघायला लावणारा. मंचर, नारायणगाव, जुन्नर, कुठल्याही शाळेजवळच्या दुकानात दहा-वीस रुपयांची पाकिटं टांगलेली असतात. पोरं ती घेतात, मोजतात, सोनेरी कार्डावरून भांडतात. पण आमच्या वस्तीवर एकाही पोराला खेळ ठाऊक नव्हता. मलाही नव्हता.

माझा भाचा चाकणहून सुट्टीला आला तो पत्र्याचा एक डबा घेऊन. आमचं घर कळंबच्या पुढे, तिन्ही बाजूंनी ऊस. धरणांचे कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला आणि उसात बिबट्यानं संसार थाटला. तेव्हापासून जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवर दिवस मावळला की पोरं आत आणि दाराला कडी. मग सात ते दहा करायचं काय? मोबाइल. दुसरं काय होतं? त्या रात्री भाच्यानं डबा उघडला आणि म्हणाला, "मामा, बस ना, तुला शिकवतो." मी बसलो तो साडेअकराला उठलो.

प्रत्येकाची पानं साठ. आणि ती साठ कोणती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं! हे ऐकलं आणि मी सरसावून बसलो. मेंढीकोटात कॅट सगळ्यांचा एकच, हातात येईल ते नशीब. इथं कॅटच आपण बांधायचा. एका नावाचं पान चारपेक्षा जास्त घालायचं नाही, मूळ एनर्जीची, म्हणजे हल्ल्याला जोर पुरवणारी पानं मात्र हवी तेवढी. पिसून सात पानं हातात घ्यायची. सहा पानं न बघता उलटी बाजूला ठेवायची, ती बक्षिसाची. एक पोकेमॉन पुढे लढायला, मागे बाकावर जास्तीत जास्त पाच. आपली पाळी आली की एक पान ओढायचं, एकाच पोकेमॉनला एकच एनर्जी जोडायची आणि हल्ला केला की पाळी संपली. समोरच्याचा गडी गारद केला की आपल्या बक्षिसातलं एक पान उचलायचं. सहाही उचलली की जिंकलो.

ही झाली नियमांची पाटी. खेळाची खरी चव मला मॅजिकार्पनं दाखवली. मॅजिकार्प म्हणजे एक लाल मासा. त्याच्या पानावर बळ, म्हणजे मार सोसायची ताकद, फक्त ३०, आणि मारायला जवळजवळ काही नाही. माझ्या वाट्याला तो आला तेव्हा मी पान बाजूला सारायला निघालो. भाचा म्हणाला, "मामा, त्याला बाकावर ठेव. आणि दर पाळीला त्यालाच पाणी दे." पाणी म्हणजे पाण्याची एनर्जी. मी दिलं. पुढे सायडक नावाचं पिवळं बदक मार खात होतं. भाच्याचा गडी अग्नीच्या जातीचा, प्रत्येक पाळीला माझ्या बदकावर दोन-तीन चिंचोके चढत होते. माराचा हिशेब आम्ही चिंचोक्यांनी ठेवतो, एक चिंचोका म्हणजे १०. तीन पाळ्या मी माशाला पाणी घातलं. चौथ्याला बदक गारद झालं, भाच्यानं बक्षिसाचं पान उचललं आणि मला मॅजिकार्प पुढे आणावा लागला. ३० बळाचा मासा, समोर आग. पण आता पाळी माझी होती. माझ्या हातात ग्याराडोस होता. मॅजिकार्पवर ते पान ठेवायचं की त्या माशाचा अजस्र जलनाग होतो, आणि आधी घातलेलं तिन्ही वेळचं पाणी त्याच्याकडेच राहतं! आगीची दुखरी नस म्हणजे पाणी, म्हणून मार दुप्पट. एका फटक्यात समोरचं मैदान साफ. मी ओरडलो. आतून बहीण धावत आली, तिला वाटलं बिबट्या आला.

शेतकऱ्याला हा खेळ का भावतो ते मला त्या क्षणी कळलं. जे आज काही देत नाही, त्याला तीन पाळ्या पाणी घालत राहायचं आणि तोवर दुसरं काहीतरी पुढे करून तग धरायचा. द्राक्षाची बाग लावणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

मग मी या खेळाच्या हात धुऊन मागे लागलो. पानांवर छापून येणारा खेळ आणि त्याच पानांची खरेदी-अदलाबदल, ही कल्पना रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकी गणितज्ञाची. त्याचा 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ साली आला. पोकेमॉनची पानं जपानात १९९६ च्या ऑक्टोबरात निघाली, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आलेल्या व्हिडिओ गेमच्या पाठोपाठ. आणि त्या गेमचा कर्ता सातोशी ताजिरी! टोकियोजवळच्या माचिदा गावात वाढलेला हा माणूस लहानपणी ओढ्याकाठी, शेतात किडे पकडायचा. शहर वाढलं, तळी बुजली, किडे गेले. किडे गोळा करण्याचा तो आनंद पुढच्या पोरांना मिळावा म्हणून त्यानं हा खेळ रचला. हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. अहो, आम्ही दुसरं काय करत होतो? पावसाळा सरताना बाभळीवरचे सोनकिडे काडेपेटीत ठेवायचे, त्यांना बाभळीचा पाला घालायचा, शाळेत नेऊन एका हिरव्या सोनकिड्याच्या बदल्यात चार गोट्या घ्यायच्या. काडेपेट्यांचे छापही असेच वहीत चिकटवायचे. माचिदातला तो पोरगा आणि कळंबचा मी, आमचं बालपण एकाच काडेपेटीतलं निघालं.

त्यामुळे गोळा करण्याचा भागही मी मनापासून करतो. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक खूण असते. गोल म्हणजे नेहमीचं पान, चौकट म्हणजे जरा कमी मिळणारं, चांदणी म्हणजे दुर्मीळ. शेजारी क्रमांक असतो. '१५१' नावाच्या संचात १६५ पानं, पण भाच्याकडच्या एका पानावर १६५ पैकी १८३ वा असं छापलेलं! मी ते दोनदा वाचलं. छपाईची चूक नाही ती. मोजणीच्या बाहेरची काही खास पानं मुद्दाम अशी काढतात आणि त्यांच्यावर चित्रकाराला मोकळं रान दिलेलं असतं. चित्रकाराचं नावही पानावर असतं, हे मला फार आवडलं. पहिल्या संचातला प्रसिद्ध चारिझार्ड मित्सुहिरो आरिता यांनी काढलेला. आता मी पान हातात आलं की आधी ते बारीक नाव वाचतो.

अदलाबदल बघायची तर नारायणगावचा टोमॅटो बाजार आठवावा. मालावर नजर, चेहरा कोरा, भाव मनात. शेजारची चौथीतली पोरगी तर भाच्याला पुरून उरली. तिनं दोन चांदण्या दिल्या आणि बदल्यात तिला हव्या असलेल्या बुल्बासॉरची चारही पानं एका दमात घेतली. तिला चांदणी नको होती, तिला डाव बांधायचा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतली ही मुलगी पानावरचं इंग्रजी बोट ठेवून वाचते, अडलं की विचारते, कारण ते कळल्याशिवाय मारता येत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मी हुरळून जाऊन एका दुकानातून पाकिटांची अख्खी माळ आणली. सगळी नकली निघाली. आता मला ओळखता येतं. पान विजेरीसमोर धरा. खऱ्या पानाच्या पोटात काळपट थर असतो, उजेड अडतो. नकली पानातून उजेड आरपार येतो. मागच्या बाजूचा निळा रंग फिकट, अक्षरं चुकलेली, बळाचे आकडे वाटेल ते. पैसे देऊन जमवायची तर खरीच जमवावीत, आणि थोडीच. पण घरच्या खेळाला नकली पानंही चालतात, आम्ही त्यांच्यावर कागद चिकटवून खरे आकडे लिहिले. एनर्जीची पानं म्हणून जुना मेंढीकोटाचा कॅट कामी आला. बदामाची आग, किलवराचं गवत, इस्पिकाचं पाणी, चौकटची वीज.

आणि चिंचोके हाताळताना मला सावंतवाडीची गंजिफा कळली. दशावतारी गंजिफेची १२० गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळायला बसलं तर पहिली उतारी रामाची, रात्री बसलं तर कृष्णाची! पूर्वी ही पानं कापडाला चिंचोक्याची खळ देऊन करत. हा हुन्नर मरू घातला होता, तेव्हा सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तो जगवला. चित्रांच्या पानांनी खेळणं, ती जपणं, त्यांच्यावर जीव लावणं आपल्याकडे कधीच परकं नव्हतं. पुढच्या मे महिन्यात मी पोरांना घेऊन तो राजवाडा बघायला जाणार आहे.

भाचा परत गेला, डबा इथंच ठेवून गेला. आता संध्याकाळी सहा-सात पोरं आमच्या पडवीला जाळीच्या आत जमतात. मोबाइल चार्जिंगला असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. डाव संपला की प्रत्येकाचे आईवडील विजेरी घेऊन न्यायला येतात, आणि त्यातले दोघे-तिघे आता उभ्या उभ्या चाल सुचवायला लागलेत. तेव्हा पोराच्या दप्तरातली ती कार्डं चुलीत घालू नका. त्याच्यासमोर मांडी घालून बसा आणि एक डाव खेळा. कळंबच्या आसपास राहत असाल तर उजेडी आमच्याकडेच या. कार्डं तेवढी घेऊन या, चिंचोके आमच्याकडे भरपूर आहेत.